दादाभाईंचं गणित

1849 साली मुंबईत काही तरुण मंडळी दारोदार फिरत होती. त्यांचं मागणं एकच होतं: तुमच्या मुली आम्हाला शिकवू द्या. पैसे नकोत, शाळेची इमारत नकोच, तुमच्या ओसरीवर बसून शिकवू. काही घरांनी खरोखरच ओसरी मोकळी करून दिली. काही घरांत मात्र 'जिन्यावरून खाली ढकलून देऊ' अशी धमकी ऐकून त्यांना परतावं लागलं. ही हकिगत त्या मंडळींपैकीच एकाने पुढे स्वतः सांगून ठेवली आहे. तेव्हा तो 24 वर्षांचा होता आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकवत होता. नाव दादाभाई नवरोजी.

स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी नावाची एल्फिन्स्टनच्या आजीमाजी विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची संस्था 1848 साली निघाली होती. त्या संस्थेने मराठी आणि गुजराती मुलींसाठी या शाळा काढल्या. सुरुवातीला पगारी मास्तर ठेवायला पैसा नव्हता, म्हणून ही तरुण मुलं सकाळी लवकर तिथे शिकवायची आणि मग आपापल्या कामाला जायची. मराठी मुलींच्या शाळेसाठी जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. याच सुमारास पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई भिडेवाड्यात शाळा चालवत होते. दोन शहरांत एकाच वेळी हे घडत होतं आणि दोन्हीकडे शिव्या मिळत होत्या.

आपल्या शाळेतल्या इतिहासात दादाभाई येतात ते एकदम म्हातारे होऊन. पांढरी दाढी, पारशी पगडी, 'भारताचे पितामह', आणि खाली 'आर्थिक निःसारणाचा सिद्धांत मांडला' असं एक वाक्य. परीक्षेत एका मार्काला तेवढं पुरतं. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकाशी माझा संबंध शेजारच्या वर्गातून आवाज येईल तेवढाच. पण दादाभाईंचं मूळ लिखाण वाचायला घेतलं तेव्हा मला तिथे ओळखीचा माणूस भेटला. तो पुढारी नंतर होता, आधी गणिताचा मास्तर होता. आणि माझं ठाम मत झालंय की तो शेवटपर्यंत मास्तरच राहिला. संपादक, दिवाण, व्यापारी, खासदार, काँग्रेसचा अध्यक्ष हे सगळं तो झाला, पण काम करायची त्याची पद्धत बदलली नाही.

जन्म 4 सप्टेंबर 1825 चा, घराणं पारशी पुरोहितांचं. दादाभाई चार वर्षांचे असताना वडील गेले. आई माणेकबाईंनी एकटीने मुलगा वाढवला. शाळा नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीची होती आणि तिथे तेव्हा फी नव्हती. फी असती तर आपल्या आईला ती देता आली नसती, असं दादाभाईंनी पुढे स्वच्छ लिहिलं. आपण लोकांच्या पैशावर शिकलो, तेव्हा जे काही मिळालं ते लोकांना परत करायचं, हा विचार तिथूनच डोक्यात बसला असंही त्यांनी सांगितलंय. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मोफत शिक्षणाकडे आपण सवलत म्हणून बघतो. या मुलाने ती उधारी मानली आणि पुढची सत्तर वर्षं फेडत बसला.

एल्फिन्स्टनमध्ये त्यांना शिकवणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते. 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' काढून मराठी पत्रकारितेची सुरुवात करणारे बाळशास्त्री हाडाचे शिक्षक. वर्गात जे सांगायचं तेच वर्गाबाहेरच्या माणसांपर्यंत पोचवायला त्यांनी छापखान्याचा आधार घेतला. तो काळच तसा होता. शिकवणं आणि वर्तमानपत्र काढणं ही दोन वेगळी कामं आहेत असं तेव्हा कुणाला वाटत नसावं. पुढे पुण्यात चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनीही 1880 च्या जानेवारीत शाळा काढली आणि वर्षभरात 'केसरी' आणि 'मराठा' सुरू केले. शाळेमागून वर्तमानपत्र यायचंच.

दादाभाईंना खरं तर बॅरिस्टर करायचं चाललं होतं. 1845 मध्ये सर अर्स्किन पेरी या न्यायाधीशांनी त्यांना विलायतेला पाठवायची कल्पना काढली आणि निम्मा खर्च स्वतः द्यायची तयारी दाखवली. उरलेला निम्मा पारशी समाजातल्या धनिकांनी द्यायचा होता. पण 1839 साली दोन पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि त्या प्रकरणाने सगळा समाज हादरून गेला होता. हा हुशार मुलगा विलायतेला गेला आणि तिथे बाटला तर काय, या धास्तीने बेत बारगळला. मग दादाभाई जिथे शिकले तिथेच शिकवायला लागले. दहाएक वर्षांत ते गणित आणि नैसर्गिक तत्त्वज्ञानाचे, म्हणजे आजच्या भाषेत भौतिकशास्त्राचे, प्राध्यापक झाले. त्या संस्थेत तोवर ही जागा युरोपियन माणसाकडे असायची. प्राध्यापक होणारे ते पहिले भारतीय. पुढे आयुष्यात कितीतरी मान मिळाले, पण लोकांनी 'प्रोफेसर' म्हणून हाक मारावी यासारखा दुसरा मान नाही, असं ते म्हणत.

वर्तमानपत्र त्याआधीच, 1851 मध्ये, सुरू झालं. त्या वर्षी मुंबईत एका पारशी नियतकालिकाने पैगंबरांचं चित्र छापलं आणि मुसलमान आणि पारशी यांच्यात दंगल उसळली. समाजाची बाजू मांडायला, आणि समाजाला चार गोष्टी सुनवायलाही, एक पत्र हवं असं दादाभाईंना वाटलं. 15 नोव्हेंबर 1851 रोजी 'रास्त गोफ्तार' निघालं, म्हणजे खरं बोलणारा. भाषा गुजराती, सुरुवातीला पाक्षिक. खरशेदजी कामा यांनी पैसा घातला, संपादन दादाभाईंकडे. पहिले अंक लोकांना फुकट वाटले. दंगलीतून जन्मलेलं हे पत्र लवकरच घराच्या आत शिरलं: बायकांचं शिक्षण, लग्नातला खर्च, बालविवाह, रूढी. दादाभाईंचं स्वतःचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं, पत्नी गुलबाई त्याहूनही लहान. ज्या माणसाने हे अंगावर घेतलं होतं तो त्याविषयी लिहीत होता.

1855 मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून ते विलायतेला गेले. इंग्लंडमधली ही पहिली हिंदी पेढी. काही वर्षांतच त्यांनी भागीदारी सोडली, कारण अफू आणि दारूच्या व्यापारातला नफा त्यांना नको होता. मग स्वतःची कापसाची पेढी काढली, तीही 1866 च्या सुमारास बुडाली. व्यापार हा त्यांच्या चरित्रातला मला सगळ्यात कमी रस असलेला भाग, आणि त्यांनाही त्यात फारसा जीव होता असं दिसत नाही. याच वर्षांत ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजरातीचे प्राध्यापक होते, ते त्यांना जास्त शोभत होतं.

लंडनमध्ये त्यांच्या लक्षात आलं की ज्या देशावर हे लोक राज्य करतात त्याची त्यांना काही माहितीच नाही. 1866 साली एथ्नॉलॉजिकल सोसायटीत जॉन क्रॉफर्ड नावाच्या गृहस्थांनी आशियाई माणसं युरोपियनांपेक्षा मुळातच कमी बुद्धीची असतात असा निबंध वाचला. दादाभाईंनी त्याच सोसायटीत निबंध वाचून त्याचं उत्तर दिलं. आवाज चढवला नाही. एकेक विधान घेतलं आणि पुराव्याने खोडलं, वहीवरची चूक लाल शाईने दाखवावी तसं. त्याच वर्षी त्यांनी ईस्ट इंडिया असोसिएशन स्थापन केली. उद्देश असा की इंग्रज लोकांना हिंदुस्थानची खरी स्थिती कळावी.

आता त्या गणिताकडे येते, ज्यासाठी मी हे लिहायला बसले.

दादाभाईंचा प्रश्न साधा होता. हिंदुस्थानातला एक माणूस वर्षाला सरासरी किती कमावतो? ब्रिटिशांचं राज्य सुरू होऊन शंभर वर्षं झाली होती, पण हे कुणी नीट काढलं नव्हतं. सरकारी अहवालांत आकडे भरपूर होते: कोणत्या जिल्ह्यात किती एकर जमीन, एकरी किती धान्य, बाजारात काय भाव. दादाभाईंनी हे अहवाल मागवले आणि वाचताना त्यांना दिसलं की सरासऱ्याच चुकीच्या काढल्यात. कारकून प्रत्येक जिल्ह्याचं एकरी उत्पन्न खालीखाली मांडत, बेरीज करत आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागत. कुठल्या जिल्ह्यात किती जमीन आहे याकडे लक्षच नाही.

ही चूक माझ्या वर्गात दर वर्षी होते, म्हणून एक सोपं उदाहरण करते. एका जिल्ह्यात 10,000 एकर जमीन आहे आणि एकरी 1,000 पौंड तांदूळ येतो. शेजारच्या जिल्ह्यात 90,000 एकर आहे, पण जमीन हलकी, एकरी 400 पौंडच येतो. सरकारी पद्धतीने सरासरी निघते 700 पौंड. खरी सरासरी काढायची तर दोन्ही जिल्ह्यांचा एकूण तांदूळ एकूण एकरांनी भागायला हवा. ती येते 460. कागदावर देश दीडपट श्रीमंत झाला आणि शेतकऱ्याच्या कोठारात एक दाणा वाढला नाही. सुपीक जमीन थोडी आणि हलकी जमीन अफाट असेल तर ही चूक नेहमी एकाच दिशेला जाते, आकडा फुगवण्याच्या दिशेला.

दादाभाईंनी प्रांतामागून प्रांत घेतला आणि गणित पहिल्यापासून केलं. एकर गुणिले उत्पन्न गुणिले भाव, मग जनावरं, खाणी, कारागिरी. शंका आली तिथे त्यांनी आकडा वरच्या बाजूला धरला, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की मुद्दाम गरिबी दाखवली. इतकं उदारपणे धरूनही सगळी बेरीज झाली 34 कोटी पौंड. ब्रिटिश हिंदुस्थानची लोकसंख्या 17 कोटी. म्हणजे माणशी वर्षाला 2 पौंड, त्या वेळच्या भावाने 20 रुपये.

20 रुपये कमी की जास्त? हा पुढचा प्रश्न कुठलाही चांगला मास्तर विचारणारच. तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नाही. दादाभाईंनी तुलनेसाठी सरकारचेच कागद घेतले. मजूर म्हणून परदेशी पाठवल्या जाणाऱ्या कुलींना जहाजावर रोज काय खायला द्यायचं, याचं प्रमाण सरकारी डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं: तांदूळ किती, डाळ किती, तेल, तूप, मीठ किती. त्या प्रमाणाचा खर्च त्यांनी काढला. मग तुरुंगांचे हिशेब काढले, कैद्याच्या नुसत्या खाण्यावर आणि कपड्यावर वर्षाला किती जातात ते. बहुतेक प्रांतांत कैद्यावर होणारा हा खर्च बाहेरच्या मोकळ्या माणसाच्या सरासरी उत्पन्नापेक्षा जास्त निघाला. साधं जगायला माणशी 34 रुपये लागतील असा त्यांचा अंदाज होता, आणि हातात होते 20. शिवाय ही सरासरी. तिच्यात जमीनदार, सावकार, गोरे अधिकारी सगळे आले. ज्याच्या वाट्याला सरासरीही येत नव्हती त्याचं काय?

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. त्यात एकही भडक विशेषण नाही, नुसते तक्ते आहेत. पानंच्या पानं तक्ते.

हे टिपण त्यांनी 1873 मध्ये पार्लमेंटच्या हिंदी अर्थव्यवहार समितीपुढे ठेवलं. समितीने ते घेतलं, पण अहवालाबरोबर छापलं नाही. अध्यक्षांच्या मतांशी ते जुळत नव्हतं, असं दादाभाईंनी नोंदवलंय. मग त्यांनी ते वाढवून 1876 मध्ये मुंबईत वाचलं आणि छापलं. 1901 मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ निघाला, त्यातही हेच गणित पहिल्या भागात आहे. मधल्या काळात भारतमंत्र्यांशी, अधिकाऱ्यांशी, वर्तमानपत्रांशी पत्रव्यवहार चालूच. हिंदुस्थानातून दर वर्षी पगार, पेन्शन, व्याज, नफा या रूपाने संपत्ती बाहेर जाते आणि तिच्या बदल्यात काही परत येत नाही, म्हणून हा देश गरीब आहे, हा तो निःसारणाचा सिद्धांत त्यांनी किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही.

मी एकदा वर्गात ती सरकारी सरासरी फळ्यावर मांडली आणि चूक शोधायला सांगितली. मुलांनी शोधली. मग एका मुलीने विचारलं, 'बाई, त्यांना येत नव्हतं, की मुद्दाम केलं?'

दादाभाईंच्या सगळ्या राजकारणाची नस या प्रश्नात आहे असं मला वाटतं. त्यांनी आयुष्यभर 'येत नव्हतं' असं धरून काम केलं. इंग्रज माणूस न्यायी आहे, त्याला चूक दाखवली की तो सुधारेल, हिंदुस्थानात चाललंय ते ब्रिटिश बाण्याला सोडून आहे, ही त्यांची भूमिका. पुढच्या पिढीने याला अर्ज-विनंत्यांचं राजकारण म्हणून हिणवलं. मला ते हिणवणं पटत नाही. चूक दाखवण्यासाठी आधी गणित येणं भाग असतं, आणि टिळकांपासून गांधींपर्यंत ज्यांनी पुढे इंग्रजांना धारेवर धरलं ते सगळे दादाभाईंच्या आकड्यांवर उभे होते. शिवाय, तेच उत्तर तीस वर्षं त्याच शांतपणे पुन्हा पुन्हा सांगणं हे दुबळेपणाचं लक्षण नाही. वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.

बडोद्याला मल्हारराव गायकवाडांचे दिवाण म्हणून 1874 मध्ये जाऊन वर्षभरात बाहेर पडणं, 1883 मध्ये मुंबईत 'व्हॉइस ऑफ इंडिया' काढून देशी पत्रांतली मतं इंग्रज वाचकांपुढे ठेवणं, 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत असणं, 1886 मध्ये कलकत्त्याला तिचं अध्यक्षपद, हे सगळं झालं. पण त्यांना हवा होता तो वर्ग वेस्टमिन्स्टरला, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटात होता. 1886 मध्ये लंडनच्या होबर्नमधून उभे राहिले आणि पडले. 1888 मध्ये खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी जाहीर सभेत म्हणाले की ब्रिटिश मतदारसंघ 'काळ्या माणसाला' निवडून देईल असं वाटत नाही. या एका वाक्याने दादाभाईंचं नाव इंग्लंडभर झालं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यांना पाठिंबा दिला. 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून ते निवडून आले: 2,961 विरुद्ध 2,956. पाच मतं. पार्लमेंटमध्ये त्यांनी अवेस्ता या पारशी धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतली.

तिथे गेल्यावरही विषय जुनाच. त्यातला एक असा की सनदी नोकरीची परीक्षा फक्त लंडनला होते, ती एकाच वेळी हिंदुस्थानातही व्हावी. लंडनच्या परीक्षेला हिंदी मुलगा बसणार म्हणजे बापाने शेत विकायचं, समुद्र ओलांडायचा, जातीतून बाहेर जायची तयारी ठेवायची, आणि नापास झाला तर सगळं पाण्यात. दादाभाईंच्या हिशेबात ही नुसती नोकऱ्यांची तक्रार नव्हती. वरच्या सगळ्या जागा परदेशी माणसांकडे, म्हणून पगार आणि पेन्शन देशाबाहेर. गळती थांबवायची तर भोक इथे होतं. 2 जून 1893 रोजी कॉमन्स सभेत एकाच वेळी दोन्हीकडे परीक्षा घेण्याचा ठराव आला आणि 84 विरुद्ध 76 मतांनी मंजूर झाला. त्या वर्षाअखेर ते लाहोर काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी आले तेव्हा लोकांनी त्यांचं प्रचंड स्वागत केलं.

हिंदुस्थान सरकारने ठरावाला विरोध केला आणि विलायत सरकारने तो गुंडाळून ठेवला. गणित बरोबर होतं, वर्गाने मान्यही केलं होतं, तरी उत्तर लागू झालं नाही. दादाभाई 1895 च्या निवडणुकीत हरले. मग हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर बसले, तिथेही तेच तक्ते.

मला वाटतं त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर दादाभाईंना या वर्षांत हळूहळू मिळत गेलं. 1901 च्या ग्रंथाची भाषा 1876 च्या मानाने कितीतरी कडक आहे. आणि 1906 मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी, ते कलकत्त्याच्या काँग्रेसचे तिसऱ्यांदा अध्यक्ष झाले. आवाज पुरत नव्हता म्हणून त्यांचं भाषण गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वाचलं. गोखलेही फर्ग्युसनचे गणिताचे प्राध्यापक. त्या भाषणात चुका दुरुस्त करायची विनंती मागे पडली होती आणि मागणी होती स्वराज्याची. ज्याने पन्नास वर्षं दुसऱ्याच्या हिशेबवह्या तपासल्या तो आता म्हणत होता की वही आमच्या हातात द्या. म्हणून मला हे भाषण त्यांच्या आधीच्या श्रद्धेविरुद्ध जाणारं वाटत नाही. सगळे प्रयत्न करून झाल्यावर निघालेलं ते उत्तर आहे, आणि पायऱ्या दाखवून काढलेलं आहे.

30 जून 1917 रोजी दादाभाई गेले. सनदी नोकरीची परीक्षा हिंदुस्थानच्या भूमीवर पहिल्यांदा झाली ती 1922 मध्ये, अलाहाबादला. ठराव मंजूर होऊन तेव्हा 29 वर्षं झाली होती.